परमुलखात भाड्याची गाडी

आठवड्याच्या बाजाराला आपल्याला नेणारा जीपवाला (सातारा-सांगलीकडे त्याला वडापवाला म्हणतात) वाजवीपेक्षा जास्त भाडे सहसा घेत नाही. तो मोठा सज्जन असतो म्हणून असे नव्हे, असेलही. पण त्याला पक्के ठाऊक असते की, पुढच्या मंगळवारी हेच गिऱ्हाईक पुन्हा याच पारापाशी उभे राहणार आहे. त्याचे घर कोणत्या आळीत आहे हे आपल्याला माहीत असते, आणि आपण कोणाचे कोण हे त्याला. आज दहा रुपये जास्त घेतले तर उद्या चार माणसांत ती गोष्ट निघेल, हा धाक कोणत्याही कायद्यापेक्षा मोठा असतो. गावातला सचोटीचा व्यवहार पुष्कळसा या ओळखीवर उभा आहे.

परमुलखातल्या विमानतळाबाहेर ही ओळख एका क्षणात नाहीशी होते. गाडीवाला आपल्याला ओळखत नाही, आपण त्याला ओळखत नाही, आणि पुन्हा गाठ पडण्याचा संभव दोघांनाही दिसत नाही. भाड्याच्या गाडीच्या बाबतीत जेवढ्या म्हणून फसवणुकी जगात चालतात, त्या बहुतेक या एका गोष्टीचा फायदा घेतात. तेव्हा त्यांवरचा उपायही तिथेच शोधावा लागतो. नाव नसलेल्या माणसाला नाव किंवा निदान एखादा नंबर चिकटवायचा, मग गाडीत बसायचे.

हा विषय आज खेड्यापाड्यांतल्या माणसांपुढे मांडायचे कारण उघड आहे. परदेशप्रवास ही आता बॅरिस्टरांची आणि व्यापाऱ्यांची मिरास राहिलेली नाही. निवृत्त झालेले शिक्षक भविष्यनिर्वाह निधीतून चार पैसे बाजूला काढून जोडीने बँकॉकला जाऊन येतात. कोणाचा मुलगा दुबईत असतो, कोणाची लेक लंडनला. आयुष्यात एकदाच होणारा प्रवास असतो आणि पैसा जपून जमवलेला असतो. अशा प्रवासात पहिल्याच दिवशी कोणी गंडवले, तर रकमेपेक्षा मनाला बसणारा चटका मोठा असतो. पुढचे सहा दिवस माणूस हॉटेलच्या खोलीतून बाहेर पडायला कचरतो.

आपण बँकॉकचेच उदाहरण घेऊ. आपल्याकडची माणसे तिथे फार जातात, आणि चांगली व्यवस्था व तिला बगल देणारे लोक, दोन्ही तिथे शेजारी शेजारी पाहायला मिळतात.

समजा, मध्यरात्री उडालेले विमान पहाटे सुवर्णभूमी विमानतळावर उतरले. नाव आपल्याच भाषेतले वाटते, त्यामुळे उगाच धीर येतो. आगमनाच्या दालनातून बाहेर पडता पडता नीटनेटक्या कपड्यांतला एक माणूस पुढे येतो, हात जोडतो, ‘इंडिया? मुंबई? शाहरुख खान!’ असे हसत म्हणतो, आणि सामानाच्या ढकलगाडीला हात घालतो. त्याच्या हातात छापील दरपत्रकही असते. शहरात जायला हजार बाट. एक बाट अडीच-तीन रुपयांच्या आसपास धरा. झोप नाही, बायकोचे पाय सुजलेले, भाषा येत नाही. छापील कागद पाहून वाटते की, चला, दर ठरलेला दिसतो.

खरी टॅक्सी मात्र त्या दालनात नसतेच. ती एक मजला खाली असते. तिथे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणण्याची पद्धत आहे, एवढे ध्यानात ठेवावे. खाली उतरले की यंत्रे मांडलेली दिसतात. यंत्राचे बटण दाबले की एक चिठ्ठी बाहेर येते आणि तिच्यावर रांगेतल्या जागेचा आकडा असतो. त्या आकड्याखाली उभी असलेली टॅक्सी आपली. चिठ्ठीवर गाडीचा आणि चालकाचा तपशील असतो. चालक ती चिठ्ठी मागू लागला तर दाखवावी, पण सोडू नये. मीटर सुरू होते ३५ बाटपासून. शहराचा मध्यभाग साधारण तीस किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर मीटर अडीचशेच्या आसपास जाते, गर्दी असेल तर साडेतीनशे-चारशेपर्यंत. त्यावर विमानतळाचा ५० बाट अधिभार, आणि चालकाने उन्नत मार्ग धरला तर टोल आपला. हे दोन्ही जास्तीचे आकडे कायदेशीर आहेत. त्यांवरून चालकाशी भांडणे म्हणजे आपणच त्याला फसवणे होय. ज्यांना टॅक्सीच नको, त्यांना २०१० पासून विमानतळावरून शहरात जाणारी रेल्वे आहे. तिच्यात भावाची घासाघीस नाही आणि ट्रॅफिकमध्ये अडकणेही नाही.

आता दोन माणसांत फरक काय झाला पाहा. वरचा माणूस आपल्याकडे चालत आला. खालचा आपल्या जागी गाडीत बसून होता. वरच्याने दर स्वतः सांगितला; खालचा दर मीटर सांगते. वरच्याचा कुठेही पत्ता नाही. खालच्याचा नंबर आपल्या खिशात आहे. आपली जागा सोडून, गिऱ्हाईक हुडकत दालनात येणारा गाडीवाला, मग तो कितीही गोड बोलो, चांगली व्यवस्था टाळूनच आलेला असतो. रांगेत उभे राहून ज्याला काम मिळते, तो रांग सोडून येईल कशाला?

मीटरची कथा मोठी मौजेची आहे. १८९१ साली ब्रून नावाच्या एका जर्मन माणसाने अंतर आणि वेळ मोजून भाडे दाखवणारे यंत्र तयार केले. त्या ‘टॅक्सीमीटर’वरूनच गाडीला टॅक्सी हे नाव पडले. म्हणजे मीटर नसलेली टॅक्सी हा शब्दांतच विरोध झाला. बँकॉकला मीटरच्या टॅक्स्या १९९२ साली आल्या. त्याआधी तिथेही घासाघीसच होती, आणि तिची सवय पुरती गेली असे म्हणवत नाही. पर्यटकांच्या वस्तीत संध्याकाळी टॅक्सी थांबवा, चालक खिडकीतूनच ‘तीनशे’ म्हणेल. मीटर म्हटले की मान हलवेल, ‘मीटर बिघडलंय’ म्हणेल. अशा वेळी रागावण्याचे कारण नाही. दार लावायचे आणि पुढच्या गाडीला हात करायचा. दोन-तीन गाड्यांमागे मीटर टाकणारा एक भेटतोच. हॉटेलच्या किंवा मॉलच्या दारात तास न् तास थांबलेली टॅक्सी सोडून वाहत्या रस्त्यावरची रिकामी टॅक्सी धरावी; थांबलेला थांबतो तो काही तरी आशा धरूनच.

तो मीटर का टाळतो, हेही समजून घेतले पाहिजे. नाहीतर आपण एका शहरातल्या सगळ्या कष्टकऱ्यांना चोर ठरवून मोकळे होऊ. बँकॉकचे पुष्कळ टॅक्सीवाले इसान नावाच्या ईशान्येकडच्या भातशेतीच्या मुलखातून आलेले असतात. जमीन कोरडवाहू, पाऊस बेभरवशाचा. आपल्या माणदेशातली किंवा मराठवाड्यातली पोरे मुंबई-पुण्याला जातात तशीच ही. गाडी बहुतेकांची स्वतःची नसते. मालकाकडून पाळीच्या भाड्याने घेतलेली असते. गॅस त्याचा, दिवसाचे भाडे त्याचे, आणि रस्ता तासभर तुंबला तर तोटाही त्याचाच. १९९२ सालचा ३५ बाटचा आरंभीचा आकडा लहान टॅक्सीला अजून तोच आहे. मालकाचे पैसे फिटेपर्यंत त्याच्या हाती काही पडत नाही, आणि पर्यटकाला बाजारभाव ठाऊक नसतो. यातून मोह होतो. म्हणून त्याला सूट द्यावी असे मी म्हणत नाही. मीटरप्रमाणे झालेल्या भाड्यावर वीस बाट खुशीने द्यावेत, पण मीटरवाचून दोनशे देऊ नयेत.

इथवरची फसवणूक शे-दोनशेची. दुसरा प्रकार आहे तो प्रवासाच्या पुंजीलाच हात घालणारा, आणि त्यात भाडे जवळजवळ फुकट असते.

बँकॉकचा राजवाडा १७८२ सालचा. त्याच्याच आवारात पाचूच्या बुद्धाचे देऊळ आहे. सकाळी आपण तिकडे चालत निघतो. राजवाड्याची भिंत दिसू लागते, आणि दारापासून थोड्या अंतरावर एक प्रौढ, सभ्य गृहस्थ भेटतो. कधी गळ्यात ओळखपत्र, कधी हातात छत्री. तो म्हणतो, ‘राजवाडा आज बंद आहे. बौद्ध सण आहे. दुपारनंतर उघडेल.’ आपण हिरमुसतो. मग तो नकाशा मागतो, त्यावर पेनने तीन-चार देवळांवर खुणा करतो, आणि सांगतो की, आज सरकारी योजना आहे, टुक-टुकवाले वीस बाटमध्ये सगळीकडे फिरवतात. एवढ्यात एक टुक-टुक तिथे येऊन उभी राहते. योगायोग म्हणावा तर असा!

बंद काही नसते. राजवाडा रोज सकाळी साडेआठपासून दुपारी साडेतीनपर्यंत पाहायला मिळतो. राजघराण्याच्या समारंभासाठी क्वचित काही भाग बंद ठेवतात, पण ते दारावरच्या पहारेकऱ्याकडून कळते, रस्त्यावरच्या गृहस्थाकडून नव्हे. बाहेरच्या अनोळखी माणसांच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, अशी सूचना खुद्द राजवाड्यातर्फे पर्यटकांना दिली जाते. पण ती ऐकू येण्याइतके जवळ जाण्याआधीच आपल्याला गाठण्यात त्या गृहस्थाची सारी कला असते.

आता आपण गणित करू. तीन तास गाडी फिरवायची, त्यात इंधन जाळायचे, आणि घ्यायचे वीस बाट, म्हणजे आपले पन्नास-साठ रुपये. हे कोणत्या व्यवसायात परवडते? आपल्या गावचा रिक्षावाला एवढ्यात वेशीपर्यंत तरी नेईल काय? गिऱ्हाईक पैसे देत नाही तेव्हा दुसरे कोणी तरी देत असते. इथे देतो तो दुकानदार. पहिल्या देवळात पाच मिनिटे होतात. तिथे आणखी एक अनोळखी सद्गृहस्थ भेटतो आणि सहज बोलता बोलता रत्नांच्या एका दुकानाची स्तुती करतो. मग टुक-टुक त्याच दुकानापाशी थांबते. चालक अजिजीने म्हणतो, ‘फक्त दहा मिनिटं आत जाऊन या, मला पेट्रोलचं कूपन मिळतं.’ हे मात्र तो खरे सांगतो. गिऱ्हाईक आत नेल्याबद्दल त्याला कूपन मिळते, आणि खरेदी झाली तर दलाली.

आत थंडगार हवा, सरबत, गोड बोलणे. ‘आज करमाफीचा शेवटचा दिवस आहे. हे माणिक तुमच्या देशात नेऊन विका, दुप्पट येतील.’ दगड पुष्कळदा खरा असतो, एवढेच. पण त्याची प्रत हलकी आणि किंमत सांगितलेल्याच्या कितीतरी पट कमी. मघाच्या देवळातल्या गृहस्थाने हेच सांगितले होते, राजवाड्याजवळच्यानेही सूचित केले होते. तीन वेगळ्या माणसांनी एकच गोष्ट सांगितली म्हणजे ती खरीच असली पाहिजे, असे आपल्या मनाला वाटते. पंचतंत्रातल्या ब्राह्मणाने खांद्यावरचे बोकड कुत्रे समजून टाकून दिले, ते याच तर्काने. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत वाईट वाटते ते हे की, इथे लोभी माणसापेक्षा भिडस्त माणूस जास्त सापडतो. समोरचा वयाने मोठा, अदबीने बोलणारा. त्याला ‘नको’ कसे म्हणावे, या संकोचात आपण गाडीत बसतो. परमुलखात ‘नको’ म्हणण्याला उद्धटपणा मानायचे कारण नाही. हात जोडून, हसून, न थांबता चालत राहिले की झाले.

राजवाड्याला जायला टुक-टुक लागतेच असेही नाही. २०१९ पासून सनाम चाय नावाचे भुयारी रेल्वेचे स्टेशन तिथून पायी जाण्याच्या टप्प्यात आहे, आणि चाओ फ्राया नदीतून उतारूंच्या बोटी जातात. टुक-टुकची हौस जरूर भागवावी. तिला मीटर नसते. तेव्हा बसण्याआधी एकच ठिकाण, एकच रक्कम, आणि ‘दुकान नाही’ हे तीन शब्दांत सांगून टाकावे. रक्कम कागदावर किंवा फोनच्या पडद्यावर लिहून दाखवावी, म्हणजे उतरताना तिनाचे तीस होत नाहीत. दोघे असाल तर रक्कम गाडीची आहे की दर माणशी, तेही बसण्याआधीच विचारावे.

व्हिएतनाममध्ये फसवणूक वेगळ्या वाटेने येते. हो ची मिन्ह शहरात विनासन आणि माई लिन्ह या टॅक्सीच्या नामांकित कंपन्या आहेत. त्यांच्या गाड्यांसारखाच रंग आणि एखाद्या अक्षराच्या फरकाने तेच नाव लावून तोतया गाड्याही फिरतात. आपल्याकडे बियाण्याच्या पिशवीवरचे नाव जसे आपण अक्षर अक्षर वाचतो, तसेच ते वाचावे. त्यातून तिथला पैसा शून्यांनी भरलेला. वीस हजार डाँगची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसर. किमतीत पंचवीस पट फरक. अंधारात, घाईत, एकीच्या जागी दुसरी दिली जाते, किंवा दिलेली नोट हातचलाखीने बदलून ‘तुम्ही वीस हजारच दिलेत’ असे सांगितले जाते. म्हणून मोठ्या नोटा वेगळ्या खिशात ठेवाव्या, आणि नोट देताना तिची रक्कम मोठ्याने उच्चारावी. मराठीत उच्चारली तरी चालेल. समोरच्याला कळते की हा माणूस मोजून देतो आहे. मीटरवर तिथे बहुधा शेवटची तीन शून्ये लिहीत नाहीत, हेही आधी ठाऊक असावे.

युरोप-अमेरिकेत हे प्रकार नाहीत असे कोणी समजू नये. फरक इतकाच की, तिथल्या काही शहरांनी घासाघिशीला जागाच ठेवलेली नाही. पॅरिसच्या विमानतळांपासून शहरापर्यंतचे टॅक्सीभाडे २०१६ पासून ठरवून दिलेले आहे. लंडनच्या काळ्या टॅक्सीच्या चालकाला शहरातले हजारो रस्ते तोंडपाठ करून परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा १८६५ पासून चालत आली आहे. त्याच लंडनमध्ये साध्या भाड्याच्या मोटारीला रस्त्यावर गिऱ्हाईक घेण्याची मुभा नाही. ती आधी नोंदवूनच बोलवावी लागते. तेव्हा स्टेशनबाहेर ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत जवळ येणारा माणूस तिथे बोलता क्षणीच कायदा मोडत असतो. लेकीकडे जाणाऱ्यांनी एवढे एक पाठ करून ठेवले तरी पुरे.

फोनवरून गाडी बोलावण्याची सोय आल्यापासून पुष्कळ काम सोपे झाले आहे. आग्नेय आशियात ग्रॅब ही सेवा सर्रास वापरतात. भाडे आधी दिसते, चालकाचे नाव दिसते, गाडीचा नंबर दिसतो. परक्याला नाव चिकटवण्याचे काम फोनच करतो. थायलंडच्या पाटीवर अक्षरे थाई असली तरी आकडे आपल्या ओळखीचे इंग्रजी असतात, तेव्हा नंबर जुळवून पाहणे कठीण नाही. पण तो जुळवायलाच हवा. चालकाने आपले नाव घेण्याआधी आपणच ‘तुम्ही अमक्यासाठी आलात ना?’ असे विचारू नये. कोणीही ‘हो’ म्हणेल. आणि गाडीत बसल्यावर ‘हे रद्द करा, मला रोख द्या, स्वस्तात नेतो’ असे चालक म्हणाला, तर तो आपल्यालाच त्या नोंदीतून बाहेर काढू पाहतो आहे हे ओळखावे. रद्द केल्याबरोबर ती गाडी पुन्हा बिननावाची होते.

भाड्याने मोटरसायकल किंवा पाण्यावरची स्कूटर घेण्याचा मोह तरुणांना पट्टाया-फुकेतकडे होतो. त्याबद्दल थोडक्यात सांगतो. तिथे अनामत म्हणून पासपोर्ट ठेवून घेण्याची चाल आहे, आणि गाडी परत करताना जुनाच ओरखडा दाखवून भलतीच भरपाई मागितली जाते. पासपोर्ट त्यांच्या कपाटात असल्यामुळे आपले हात बांधलेले. १९६७ च्या कायद्याप्रमाणे पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. ती गहाण टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे सांगून मोकळे व्हावे. शंभर बाटसाठी मध्यरात्री भांडू नये असे माझे मत आहे. पासपोर्टसाठी मात्र भांडावे, पोलीस येईपर्यंत भांडावे.

शिक्षक मंडळींना एक सुचवावेसे वाटते. गावातून कोणी परदेशी निघाले की त्यांच्यासाठी एक कागद तयार करून द्यावा. हॉटेलचे नाव-पत्ता तिथल्या लिपीत (तो हॉटेलकडून मागवता येतो), हॉटेलचा फोन, विमानतळापासूनचे अंतर, वाजवी भाडे तिथल्या पैशात आणि रुपयांत. हाच हिशेब सातवीच्या वर्गाला उदाहरण म्हणून घातला तर मुले आवडीने सोडवतील, आणि आजी-आजोबांच्या खिशात जाणारा कागद आपण केला याचा त्यांना अभिमान वाटेल. जाणाऱ्यांनी सुट्ट्या नोटा विमानतळावरच मोडून घ्याव्यात, कारण ‘सुटे नाहीत’ ही फसवणूक सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त चालणारी आहे. सामान डिकीत असेल तर दोघांपैकी एकाने आधी उतरावे, सामान बाहेर येऊन मोजून होईपर्यंत दुसऱ्याने गाडीत बसून राहावे, आणि मग पैसे द्यावेत. पासपोर्ट-पैशाची पिशवी डिकीत कधीच ठेवू नये.

इतके करूनही चुकीच्या गाडीत बसलोच, मीटर भलते पळू लागले, तर चालत्या गाडीत आवाज चढवू नये. आपल्या मुक्कामाच्या दारापर्यंत जावे, उतरून आतल्या माणसाला बाहेर बोलवावे; स्थानिक माणूस समोर आला की आकडा पुष्कळदा आपोआप खाली येतो. गाडीच्या नंबरचे छायाचित्र घ्यावे. थायलंडमध्ये पर्यटकांसाठीच्या पोलिसांचा फोन ११५५ आहे, तिथे इंग्रजी चालते; टॅक्सीची तक्रार १५८४ वर करता येते. युरोपात अडीअडचणीला ११२.

आणि ती विमानतळावरची चिठ्ठी मुक्कामाला पोचल्याबरोबर फाडून टाकू नये. तिचा उपयोग केवळ लबाडांसाठी नाही. पहाटेच्या धांदलीत मागच्या बाकावर चष्म्याचे घर राहते, औषधांची पिशवी राहते. चिठ्ठी जवळ असली तर हॉटेलचा कारकून तिच्यावरच्या नंबरावरून चौकशी करू शकतो, आणि इसानकडचा तो टॅक्सीवाला वाट वाकडी करून पिशवी परत आणून देऊ शकतो. त्याला जाण्यायेण्याचे भाडे मात्र मीटरप्रमाणे द्यावे.